आठवी ‘ब’ची पट्टी

प्रार्थनेच्या तिसऱ्या ओळीला आठवी ‘ब’मधला शेवटचा आवाजही बंद पडला. मी मात्र डोळे मिटून अकॉर्डियन वाजवत होतो. ऑर्केस्ट्रातली सवय. डोळे उघडले तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मागच्या बाकावरचे हेडमास्तर घड्याळाकडे.

राहुरीजवळच्या एका शाळेत संगीतशिक्षकाच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू चालला होता. नगरला बी.ए. झाल्यावर मी दोन वर्षं ऑर्केस्ट्राबरोबर सोलापूर, नांदेड, इंदूर हिंडलो. मग दुष्काळ पडला, कार्यक्रम थांबले, ऑर्केस्ट्रा मोडला. मी काष्टीला घरी परतलो ते लांब केस, मखमली कोट आणि बरीचशी ऐट घेऊन. वडिलांनी चार महिने वाट बघितली. मग एवढंच म्हणाले, “ही शाळा बघ. न्हाई जमलं तर सोमवारपासनं दुष्काळी खडीच्या कामावर मजुरांचं मस्टर लिहायला जायचं.”

म्हणून मी कोट घालून आलो होतो.

“मुलं का थांबली?” हेडमास्तरांनी विचारलं.

“सवय नाही त्यांना,” मी म्हणालो.

दाराशी शिवणाच्या बाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “सर, पट्टी लई वर हाय. पोरांचे आवाज फुटायला लागलेत. जरा उतरवा की.”

पट्टी म्हणजे गाणं ज्या सुरापासून उचलायचं तो सूर. प्रत्येक गळ्याची वेगळी. पट्टी बदलली की वाजवणाऱ्याची बोटंही बदलतात. आमच्या ऑर्केस्ट्रातली गायिका फार उंच गायची आणि मी सगळं तिच्याच पट्टीत पाठ केलेलं. दुसऱ्या पट्टीत मला साधी प्रार्थना वाजवता येत नव्हती. दोन वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट.

“अकॉर्डियनला ती सोय नसते,” मी ठोकून दिलं.

“मग पेटी घ्या,” बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

मी पेटीजवळ गेलो, झाकण उघडलं आणि परत लावलं. “खालच्या पट्टीत मला वाजवता येत नाही,” मी शेवटी कबूल केलं.

“मग वाजवू नका,” हेडमास्तर म्हणाले. “मुलांना गायला लावा. तुम्हाला ऐकायला इथं कुणी तिकीट काढलेलं नाही.”

मी अकॉर्डियन खाली ठेवला. पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, “तू म्हण. तुला जमेल तिथून.” ती मान खाली घालून गायला लागली. मी टेबलावर ताल धरला. एक ओळ तिची, मग सगळ्यांची. तिसऱ्या खेपेला मागचा एक घोगऱ्या आवाजाचा मुलगाही घुसला. बेसूर होता, पण गात होता.

हेडमास्तर उठले. “सोमवारी या. केस कापून. भूगोलाचे चार तासही घ्यावे लागतील.”

त्या शाळेत मी एकतीस वर्षं काढली. पहिलं वर्षभर शाळा सुटल्यावर शिवणाच्या बाई मला पेटीवर पट्ट्या बदलायला शिकवत. त्यांच्या माहेरी भजन होतं. संगीताच्या सरांना शिवणाच्या बाई शिकवतात, हे गुपित शाळेत फक्त सगळ्यांना ठाऊक होतं.

वाजवून पोट भरायचं म्हणणारी मुलं अजून भेटायला येतात. त्यांना मी एवढंच सांगतो, आपल्याला काय येत नाही हे नोकरी देणाऱ्याच्या आधी आपल्याला कळलेलं बरं.