रिकाम्या पिंजऱ्यासमोर दिलेली साक्ष

आमच्या सासूबाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. जे बोलायचं ते तोंडावर. पाठीमागे बोललेलं त्यांना खपायचंच नाही. इस्त्रीचं दुकान चालवायच्या आणि गिऱ्हाइकालाही सुनवायच्या, "शर्ट आधी धुऊन तरी आणा!" माझं नि त्यांचं तर रोज वाजायचं.

समोरच्या गोदामाच्या मालकाने भर दुपारी आपल्या राखणदाराच्या डोक्यात लोखंडी गज घातला, ते त्यांनी दुकानातून पाहिलं. पाहणाऱ्या त्या एकट्याच. राखणदार जागीच गेला, मालक फरार झाला. पोलिसांनी त्याच्या दारावर हजर होण्याचा जाहीरनामा चिकटवला, पण पठ्ठ्याचा पत्ता नाही. त्याचा भाऊ मात्र दुकानाशी थांबून हसायचा, "म्हातारीचं हृदय किती टिकणार? ती गेली की खटलाही गेला." मेल्याचं खोटंही नव्हतं, डॉक्टरांनी हात टेकले होते.

म्हणून सरकारी वकिलांनी अर्ज केला, की आरोपीच्या गैरहजेरीतच साक्ष नोंदवून ठेवा, उद्या साक्षीदार राहिली नाही तर ती वापरता येईल. न्यायाधीशांनी परवानगी दिली. मी सासूबाईंना धरून धरून कोर्टात नेलं, आणि तिथे बाईसाहेब अडून बसल्या!

"तो समोर नाही. मी पाठीमागे बोलणार नाही."

वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं. मी कपाळावर हात मारला. अहो, जिवावरचं दुखणं आणि हा हट्ट?

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "आजी, पळाला तो. तुम्ही तर आलात. तो सापडला की तुमचा शब्दन्‌शब्द त्याच्यासमोर वाचला जाईल."

"नक्की?"

"नक्की."

मग सासूबाई आरोपीच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे वळल्या आणि त्याच्याकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. धाप लागत होती, तरी पाण्याचा पेला बाजूला सारला.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. आणि महिन्याभरात मालक आपणहून हजर झाला, कडक इस्त्रीत, मान ताठ. साक्ष वाचायला घेतली तसा त्याचा वकील उठला, "आम्हाला उलटतपासणीची संधीच मिळालेली नाही!"

"त्या दिवशी तुमचे अशील कुठे होते?" न्यायाधीशांनी विचारलं.

वकील खाली बसला. साक्ष वाचली गेली आणि मालकाची मान खाली गेली. जन्मठेप झाली.

निकालानंतर राखणदाराची बायको डोळे पुसत माझ्याकडे आली. "त्या आजी तुमच्या कोण?"

"सासू!" मी म्हणाले. "माझी सासू!" इतक्या मोठ्याने, की शिपाई माझ्यावर ओरडला.