नाव नीट घ्या, सर

परदेशातून आलेल्या मुलांना भाषा शिकवणाऱ्या त्या शिक्षिकेला शाळेत सगळे 'जादा तासाच्या बाई' म्हणत. जिन्याखालची, पूर्वी खेळाचं सामान ठेवायची खोली हाच त्यांचा वर्ग. त्या स्वतः लहानपणी याच देशात परक्या म्हणून आल्या होत्या. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी त्यांच्या चार अक्षरी नावातली दोन अक्षरं उडवली. पुढे तर आईसुद्धा त्याच तुकड्याने हाक मारू लागली. ते बाईंना कधीच पचलं नाही.

म्हणून त्यांचा तास नावांनीच सुरू व्हायचा. उभं राहून पूर्ण नाव सांगायचं, ते कुणी ठेवलं ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी जमेपर्यंत ते म्हणायचं. वर्गात पोरं खुलायची. बाहेर पडली की पुन्हा 'तो लांब नावाचा' आणि 'ती नवी'. बाईंचं डोकं फिरायचं.

वर्गातल्या एका मुलीला पणजीचं नाव ठेवलं होतं. पणजी नदी पोहून शाळेला जायची म्हणे. शाळेने मात्र पोरीची 'किकी' करून टाकली होती. धावण्यात ती पहिली आली, तशा बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, बक्षीस देताना तिचं खरं नाव घ्या. एकदा माझ्यामागून म्हणा."

"बाई, शाळेत पोरं किती आणि मी किती?"

बाई हटल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला सरांनी जिना उतरता उतरता ते म्हटलं. बरोबर म्हटलं!

समारंभात मात्र माइकसमोर सर हसले. "आता हिचं नाव घेताना माझी जीभच वळत नाही बुवा. ये गं, किकी!"

सभागृह खदखदलं. मुलगी जागची हलली नाही. सरांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा ती बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, ते माझं नाव नाही."

सरांनी कप बाजूला ठेवला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. बाई तरातरा व्यासपीठाकडे निघाल्या, तर उपमुख्याध्यापिकेने दंड धरून त्यांना खाली बसवलं.

फाटकाशी मुलीचे वडील थांबले होते, बस ड्रायव्हरच्या गणवेशातच. "बाई, मलाही डेपोत अर्ध्या नावाने बोलावतात. माझं काय अडलं? तुमच्या नादाने पोरीचा कप गेला."

मुलगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही पण सांगा ना त्यांना." वडिलांनी मान फिरवली.

पुढच्या आठवड्यात सरांनी तिला व्हरांड्यात गाठून कप दिला. नाव अगदी स्वच्छ घेतलं, पण ऐकायला तिथे होतं कोण? पोरीने कप घेतला, वाचला आणि जिन्याखालच्या खोलीत जाऊन बाईंपुढे धरला. कपाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत कोरलं होतं : किकी.

"आण इकडे," बाई दात आवळून म्हणाल्या आणि कप घेऊन पुन्हा सरांच्या खोलीकडे निघाल्या.