आगरगाडी

धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात एक म्हातारा राबायचा. त्याचा डावा कान भाकरीसारखा चपटा झाला होता आणि शपथेवर सांगतो, त्यावर मिठाची साय धरलेली असे. कारण रोज दिवस कलताना तो बांधावर आडवा होऊन जमिनीला कान लावी.

"काय ऐकता, बाबा? पाताळात कुणाचं लगीन आहे?" मी एकदा विचारलं.

"गाडी," तो म्हणाला. "पोरपणी आमचं आगर कुर्ल्याकडं व्हतं. साहेबाचा माणूस बोलला, आगगाडी येनार हाय. बापसानं ऐकलं, आगरगाडी. त्याला वाटलं, मीठ न्यायला येतेय. हसत हसत जागा दिली. मग ठेसन आलं, ठेसनामागं गिरन्या, गिरन्यांमागं चाळी. मीठ न्हाय नेलं, आगरच खाल्लं."

तेव्हा आमच्या किनाऱ्यावर रूळ सोडा, रुळाचा खिळासुद्धा नव्हता. मी पोट धरून हसलो.

"हस. पन ती हिकडं वळली तर बांध फोडून खाडी आत घेईन. ह्ये आगर तिला न्हाय द्यायचं."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर बांध फुटलेला. आगरभर खाडीचं पाणी, म्हातारा कुठंच नाही. मी गंमत म्हणून त्याच्या जागी आडवा झालो, कान टेकला आणि झटकन उठलो.

वारा पडलेला होता. पाणी आरशासारखं स्थिर होतं. फक्त दोन तरंग, एकमेकांना न भेटता, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेलेले होते.