बालाजीचे भालेवाले

बालाजीला मी मरायला सोडलं होतं.

गेममध्ये. पण सोडलं होतं, हे खरं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे लिहायचं टाळत होतो.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बालाजी उदगीरकडचा, मोशीत भाड्याने राहायचा. चाकणला आमच्याच कंपनीत लाइन लीडर. मी क्वालिटीला. म्हणजे दिवसभर एकमेकांशी भांडायचं आणि संध्याकाळी एकाच बसने घरी यायचं.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. सगळं जग कामावर आणि आम्ही दोघं माझ्या हॉलमध्ये, दोन लॅपटॉप, मध्ये एक केबल.

गेम जुनाच. गाव वसवायचं, सैन्य उभं करायचं, समोरच्याचं गाव पाडायचं.

माझी पद्धत सोपी होती. माउसने सगळं सैन्य एकदम पकडायचं आणि द्यायचं सोडून. घोडे आधी पोचायचे, मरायचे. मग तिरंदाज पोचायचे, तेही मरायचे. भालेवाले पोचेपर्यंत लढाई संपलेली असायची.

बालाजी कपाळाला हात लावायचा.

"कशाला पळवायलास सगळ्यांला? जो सगळ्यात सावकाश चालतो, त्याच्या चालीनं चालायचं. आधी गोळा व्हायचं, मग हाणायचं."

भालेवाले एक नंबरला, तिरंदाज दोनला, घोडे तीनला, हे त्यानेच शिकवलं. कीबोर्डवर नंबर दाबायचा, हुकूम द्यायचा, पुढच्या तुकडीकडे जायचं.

"लढाई बघत बसू नको. तुला पिक्चरचं तिकीट काढून दिलं नाही मी. कोपऱ्यातला नकाशा बघ."

जखमी घोडा दिसला की तो लढाईतून मागे काढायचा. मी म्हणायचो, "राव, नवा बनतो की."

"बनेपर्यंत लढायचं कुणी, तू?"

असा माणूस. लाइनवरही असाच. नवीन पोरगा मागे पडला तर आधी लाइनचा स्पीड कमी करायचा, मग पोराला शिव्या द्यायचा.

मग कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात या गेमची स्पर्धा ठेवली. दोघादोघांच्या टीम. आम्ही फायनलला, आपापल्या लॅपटॉपवर. समोर पेंट शॉपची दोन पोरं, बोटांचा वेग बघून भीती वाटावी अशी.

बालाजीने कॅन्टीनच्या टिश्यू पेपरवर प्लॅन काढला. तो भालेवाले घेऊन पूल अडवणार. मी चाळीस घोडे घेऊन जंगलातून वळसा मारणार आणि पुलावर लढणाऱ्यांच्या पाठीवर पडणार. दोघांनी मिळून चेपायचं.

मी जंगलातून बाहेर पडलो आणि बघतो तर त्यांची दोन्ही गावं मोकळी. राखणीला कुणी नाही.

हाव सुटली, दुसरं काय.

"घोडे पुलावर आण," शेजारच्या खुर्चीतून बालाजी म्हणाला.

"थांब, दोन मिनिटं."

"अरे पुलावर ये, ठरलंय आपलं."

मी हेडफोन नीट बसवला. कानात धोक्याचं शिंग वाजत होतं. मला वाटलं, त्याच्या पुलाचं असेल. नंतर तो काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही.

मी त्यांची दोन्ही गावं पाडली. पोरांनी हार मानली. हॉलमध्ये शिट्ट्या, मला खांद्यावर घेतलं. बालाजीच्या स्क्रीनवर त्याचं गाव पूर्ण जळालं होतं. एक माणूस शिल्लक नाही.

"जिंकलो ना राव," मी म्हटलं.

"तू जिंकलास," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग बघ एकदा."

"जिंकलेली मॅच कोण बघतं?"

हे मी चारचौघांत म्हणालो. वर हसलो.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. मीही फोन केला नाही. मला वाटलं, ट्रॉफीचे फोटो माझे आले म्हणून फुगलाय. फुगू दे म्हटलं. बसमध्ये तो पुढे बसायला लागला, मी मागे. दिवाळी गेली, संक्रांत गेली. "चुकलं" एवढा एक शब्द माझ्या तोंडातून निघेना.

मग त्याला कावीळ झाली. ॲडमिट केल्याचं सोमवारी लाइनवर कळलं.

आम्ही सगळंच गुरुवारवर ढकलतो. केस कापणं, गाडीचं सर्व्हिसिंग, आजाऱ्याला भेटणं. मीही म्हटलं, गुरुवारी निवांत जाऊ. बसून बोलू. मिटवून टाकू.

बालाजी मंगळवारीच गेला.

दोन महिन्यांनी लॅपटॉप विकायला काढला. फायली उडवताना ती फायनल दिसली. गेमने आपोआप ठेवली होती, इतके महिने माझ्याच घरात. त्या रेकॉर्डिंगमध्ये ज्याचं नाव निवडाल त्याच्या बाजूने लढाई दिसते. मी बालाजीचं नाव निवडलं.

मी समोरची गावं लुटत होतो तेव्हा त्यांचे वीस घोडे खालच्या अंगाने नदी उतरून माझ्या गावात शिरत होते. ते शिंग माझं होतं. मी नकाशाकडे बघितलंच नव्हतं.

बालाजीने बघितलं होतं. पुलावरचे अर्ध्याहून जास्त भालेवाले त्याने काढले आणि माझ्या वेशीवर पाठवले. पूल पडणार हे त्याला कळत होतं. पूल पडला, त्याचं गाव गेलं. त्याचे भालेवाले माझ्या वेशीवर लढत राहिले आणि तिथेच शेवटचा पडला.

माझ्या गावाची एक भिंतसुद्धा पडली नव्हती. त्याबद्दल मी कधी विचारही केला नाही.

त्याच दिवशी मोशीला गेलो. वहिनी सामान बांधत होत्या, गावी परत निघाल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, माझी चूक सांगितली. गेममधलं त्यांना किती कळलं माहीत नाही.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, गुरुवारी कुठं बाहेर निघू म्हणलं की ते नको म्हणायचे. तुमच्याबद्दल म्हणायचे, त्यानं रेकॉर्डिंग बघितलं की तो आजच येईल."

बालाजी, मी बघितलं रे. आलो पण होतो.

माझं चुकलं. माफ कर भावा, आणि जिथे असशील तिथे सुखात राहा.