झोप लागेल ते घर

न बांधलेल्या भिंतीलाही मान देणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मामा साताऱ्याला परतलेच नाहीत. दिल्लीला लागून असलेल्या नोएडात तेव्हा सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते, परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्या येत होत्या आणि नोकरीला आलेल्या पोरापोरींना राहायला जागा हवी होती. मोठ्या घरांच्या प्लॉटवर मागच्या बाजूला, गल्लीकडे तोंड करून दीड खोलीचं घरकुल बांधून द्यायचं, हा धंदा मामांनी मांडला. पुढच्या रस्त्यावर गाड्या आणि कुत्री राहतात, माणसं राहतात ती मागच्या गल्लीत, असं त्यांचं ठाम मत होतं.

कागदावरचा नकाशा त्यांना मंजूर नव्हता. ते जमिनीवर चुन्याच्या फक्कीने घर आखत आणि एकदा रेघ पडली की तिथे भिंत उभी आहे असं सगळ्यांनी समजायचं. एकदा एक मालक रेघ ओलांडून सरळ त्यांच्याकडे आले. "भाईसाहब, दीवार में से कहाँ आ रहे हो? दरवाज़ा उधर है!" मामा गरजले. बिचारे मालक मागे फिरले, दारातून आत आले आणि जोडे काढू का म्हणून विचारू लागले. मालकीणबाईंना तर ते भर उन्हात नसलेल्या ओट्यापाशी उभं करून खोट्या रोट्या लाटायला लावत. त्यांचं कोपर रेघेबाहेर गेलं की मामा पायाने भिंत पुसून थोडी पलीकडे आखायचे.

खरी परीक्षा मात्र घर बांधून झाल्यावर. किल्ली देण्याआधी मामा जेवून त्या रिकाम्या घरात चटई टाकून आडवे होत. झोप लागली तर घर पास. नाही लागली, तर खिडकी कुठेतरी चुकलीय म्हणून मिस्त्रीला ती खुशाल फोडायला लावत. मालक बाहेर ताटकळत घोरण्याची वाट बघायचे.

एवढी घरं बांधणाऱ्या या माणसाला स्वतःचं घर नव्हतं. मामींचा सगळा संसार छावण्यांमधल्या क्वार्टरांत आणि नंतर भाड्याच्या खोलीत गेला. "मला एकदा भिंतीत खिळा ठोकायचाय, कुणाला न विचारता," एवढंच त्यांचं मागणं. शेवटी मी आमच्या घरामागची जागा देऊ केली आणि मामांनी तिथे घर बांधलं. आणि नेमकी तिथेच त्यांना झोप येईना! खिडकी सरकली, दार हललं, तरी डोळा लागेना. मामी तिकडे भरलेल्या ट्रंकांवर बसून होत्या.

"अहो मामा, राहायला तर जा," मी म्हटलं.

"झोपेशिवाय ताबा नाही, जावईबापू. लोकांना एक नियम आणि मला दुसरा?"

एका दुपारी मामींचा धीर सुटला. मामा चटईवर कुशी बदलत असताना त्या सायकलरिक्षात एक ट्रंक आणि खलबत्ता घालून हजर झाल्या. "आता तुम्ही झोपा नाहीतर जागे राहा. मी आले," असं म्हणून स्वयंपाकघरात बसकण मारून त्यांनी शेंगदाणे कुटायला घेतले. आता भांडण होणार म्हणून मी दारात उभा, तर आतून घोरणं! छावणीतल्या प्रत्येक क्वार्टरात मामा याच आवाजावर झोपले होते. मामी चकित होऊन थांबल्या, तसे मामा ताडकन उठून बसले.

"का थांबलीस?"

मामी उठल्या आणि त्याच बत्त्याने भिंतीत पहिला खिळा ठोकला.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची बहुतेक घरकुलं पाडून तिथे मजले चढले. आमच्या मागचं तेवढं राहिलंय. मला मामांची फार आठवण येते, आणि ती दुपारीच येते, कारण मागून खलबत्ता अजून वाजतो. मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो.

"एकट्या बाईला एवढं कूट कशाला हो, मामी?" मी परवा विचारलं.

"कूट कुणाला हवंय? वाजत असलं की वाटतं, आत झोपलेत."

"मग मधेच थांबता कशाला?"

मामींनी बत्ता मांडीवर ठेवला.

"थांबलं की उठायचे ना," त्या म्हणाल्या, "म्हणून मधूनमधून थांबून बघते."