मामांची मांडी आणि खरजेची फेरी

आमच्या हिच्या मामांइतका मांडीचा उदार माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. कोणी पैशाने उदार असतं, कोणी शब्दाने. मामा मांडीने आहेत. समोर लहान मूल दिसलं की त्यांची मांडी आपोआप घातली जाते, आणि मूलही रिझर्व्हेशन असल्यासारखं तिथे जाऊन बसतं. ते ओळखीचं असण्याची अट नाही. एकदा बदनापूरहून आमच्याकडे यायला ते रेल्वेत बसले. शेजारच्या बाईंनी पिशव्या नीट लावण्यापुरतं आपलं बाळ त्यांच्याकडे दिलं. बाळ मांडीवर झोपलं आणि जालना आलं तेव्हाही झोपलेलंच होतं, म्हणून मामा थेट परतूरला उतरले. इकडे ही दारात उभी राहून थकली. संध्याकाळी उलट गाडीने आलेल्या मामांनी एवढंच सांगितलं, "लेकरू झोपलं होतं, वर्षे. उठवावं कसं?"

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बदनापूरजवळच्या गावात घर आहे, शेत बटाईने दिलंय, त्यामुळे मामा वर्षातला बराच काळ भाच्यांकडे फिरतीवर असतात. मंठ्याची भाची, राजूरचा भाचा आणि जालन्याचे आम्ही, असा त्यांचा ठरलेला मार्ग. येण्याआधी फोन करणं त्यांना परकेपणाचं वाटतं. खांद्यावर स्वतःची गोधडी टाकून ते दारात उभे राहतात आणि "थोडा मुक्काम करून राह्यलो" असं सांगून आत येतात. रात्री ती गोधडी हॉलमध्ये अंथरली की घरातले पलंग ओस पडतात. सगळी पोरं गोधडीत, मधे मामा, आणि एका अतिशय आळशी रेड्याची गोष्ट, जी मी लग्न झाल्यापासून ऐकतोय आणि जिच्यात तो रेडा अजून उठलेला नाही.

मामांचा दुसरा विशेष म्हणजे त्यांचं वैद्यक. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ उष्णता आहे, असा त्यांचा सिद्धांत. डोकं दुखलं, उष्णता. पोट बिघडलं, उष्णता. माझं प्रमोशन हुकलं तेव्हाही त्यांनी मला सब्जा भिजवून दिला होता. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुक्काम हलल्यावर काही आठवड्यांनी आमचा ओंकार खाजवायला लागला, तेव्हा हिने सवयीने मामांनाच फोन लावला. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीपाशी बारीक पुरळ आलं होतं आणि अंथरुणात शिरलं की खाज दुप्पट व्हायची.

"बिलकुल उष्णता," मामा म्हणाले. "वांगं बंद करा. मंग बघा."

आम्ही वांगं बंद केलं. खाज बंद झाली नाही. मी औषधाच्या दुकानातून दुकानदाराच्या मनाने एक ट्यूब आणली. तिने थोडे दिवस बरं वाटलं आणि मग पुरळ दुप्पट जोमाने उठलं. तोवर दीड वर्षांच्या सईच्या तळहातांवर आणि तळपायांवर फोड आले. खाजवून खाजवून त्यांत पू झाला, अंगात ताप भरला. नुकतीच चालायला शिकलेली पोर पाय टेकवायला तयार होईना. तिला उभं केलं की ती पाय वर ओढून घ्यायची आणि आमच्याकडे असं बघायची, की हे तुम्हीच केलंत.

मग आम्ही वांगं आणि ट्यूब दोन्ही सोडून त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून ओंकारची बोटं पाहिली, सईचे पाय पाहिले.

"खरूज आहे," त्या म्हणाल्या. "घरात आणखी कोण खाजवतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

डॉक्टर बाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. ते मी तेव्हा खाजवत होतो.

खरूज या शब्दाने हिचा चेहरा उतरला. "आमच्याकडे रोज आंघोळ होते हो," ती म्हणाली.

"आंघोळीचा संबंध नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक किडा असतो. तो कातडीत शिरून अंडी घालतो. अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून पसरतो. पहिल्यांदा झाली तर खाज सुटायलाच कित्येक आठवडे जातात, तोवर माणूस वाटत फिरतो. मुलं कोणाजवळ झोपतात?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या डोळ्यांसमोर एकच गोधडी होती.

घरी येऊन हिने मंठ्याच्या बहिणीला फोन केला. तिने आढेवेढे घेतले आणि मग रडवेल्या आवाजात सांगितलं, की पोरं दिवाळीपासून खाजवतायत, पण लाजेने कोणाला बोलली नाही. राजूरच्या भावानेही तेच सांगितलं. वांगं तिन्ही घरांत बंद होतं. मामांची फेरी आणि खरजेची फेरी गावागणिक जुळत होती. मामांना ती कुठल्या प्रवासात, कुठल्या लेकराकडून मिळाली, हे देवालाच ठाऊक. पण मंठ्याचे जावई भडकले आणि त्यांनी मामांना फोनवर स्पष्टच सांगितलं, की आता काही दिवस येऊ नका.

त्यानंतर मामांचा फोन बंद झाला.

डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, की संबंध आलेल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच वेळी औषध लावायचं. एक जण राहिला तर ती फिरून येणार. म्हणून सईचा ताप उतरल्यावर रविवारी आम्ही दोघं मामांच्या गावी गेलो. मामा ओट्यावर बसले होते, दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून. शेजारचं एक लेकरू सवयीने त्यांच्याकडे धावत आलं तर त्यांनी काठी आडवी धरली. "लांब हो बाळा, लांब," ते म्हणाले, आणि पोर रडत परत गेलं. मामांनी मांडी मोडून पाय खाली सोडलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"वर्षे, सईला मीच दिली ना गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाही कोणीतरी दिलीच की, मामा," ही म्हणाली. "खरजेला कुठे पहिला माणूस असतो?"

बोलता बोलता कळलं, की मंठ्याचा फोन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामा डॉक्टरकडे गेले होते, मलम आणलं होतं, लावलंही होतं. "पर पाठीला हात पोचत न्हाई," ते खाली बघत म्हणाले. "उलथन्याला फडकं बांधून पाह्यलं. बराबर बसत न्हाई." स्वयंपाकघरात ते फडकं बांधलेलं उलथनं खरोखर होतं. ही ते पाहून हसायला गेली आणि पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली.

"पाठीला मी लावतो," मी म्हणालो.

"जावयानं सासऱ्याच्या पाठीला औषध चोळायचं? न्हाई जमायचं, बापू."

"आज नाही. सगळ्यांबरोबर, एकाच दिवशी. मी त्यासाठीच न्यायला आलोय."

एकाच दिवशी हे शब्द ऐकून मामांच्या डोळ्यांत जरा जीव आला. आमच्या घरी येईपर्यंत त्यांनी शनिवार ठरवून टाकला, आणि मग एखाद्या लग्नाची व्हावी तशी तयारी सुरू झाली. मंठ्याच्या जावयांना त्यांनी स्वतः फोन करून आधी माफी मागितली आणि मग सूचना दिल्या. शनिवारी संध्याकाळी तिन्ही घरं फोनवर जोडली गेली आणि मामा लाउडस्पीकरवरून हुकूम सोडू लागले. "नखं कापली का सगळ्यांची? मानेपासून तळव्यापर्यंत, कुठं सोडायचं न्हाई. बेचकं, बेंबी, नखाखाली. बारक्या लेकराला डोक्याला आन् कानामागं बी, फक्त डोळे आन् तोंड वाचवा. सकाळपस्तोर धुवायचं न्हाई." सईने हात तोंडात घालू नयेत म्हणून हिने तिच्या हातांत मोजे चढवले, तर ओंकारनेही हट्टाने चढवले. राजूरहून भाच्याने विचारलं, "मला खाज नाही, मी लावू का?" त्यावर मामा इतके कडक बोलले, की तो बहुधा दोनदा लावून मोकळा झाला.

मामांच्या पाठीला मी लावलं. आधी ते लाजून आखडून बसले होते. मग हळूहळू सैल झाले. संपल्यावर "झालं?" असं त्यांनी विचारलं, आणि ते ऐकून मी उगाच आणखी थोडा हात फिरवला.

सकाळी कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन गच्चीवर उन्हात पडले. गोधडी धुवायला जड, म्हणून काही दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली. "हिला बी सुतक," मामा म्हणाले. पुढच्या शनिवारी दुसरा हात झाला. त्यानंतरही खाज थोडी रेंगाळली. मामा तिसऱ्यांदा ट्यूब उघडायला निघाले, पण डॉक्टर बाईंनी अडवलं. किडा मेला तरी खाज काही आठवडे राहते, असं त्यांनी सांगितलं. मामांनी ते एसटीत अनेकांना आपल्या शब्दांत ऐकवलं, "पाहुणा गेला, त्याची याद खाजवती."

आता सगळं ठीक आहे. वांगं परत आलंय, सई घरभर धावते, आणि मंठ्याचे जावई मामांना न्यायला स्वतः गाडी घेऊन येतात. मामाही पूर्वीसारखेच न सांगता येतात. फक्त एक बदल झालाय. सईला उचलण्याआधी ते दारातच थांबतात आणि आपले दोन्ही हात, उलटे सुलटे, बोटं फाकवून हिच्यापुढे धरतात. शाळेत प्रार्थनेच्या वेळी नखं दाखवायचो तसे. त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही, आणि करू नका असं सांगूनही ते ऐकत नाहीत. ही दर वेळी रागावते. मग ते हात आपल्या हातात घेऊन खाली करते, आणि लगेच सोडत नाही.