न बुडणारं यंत्र

महाडचा माणूस कुठल्याही दुकानात शिरला की एकच प्रश्न विचारतो, पुरात टिकेल का? मी लग्नातले बूटसुद्धा हाच प्रश्न विचारून घेतले होते. जीपीएस विकणाऱ्या त्या दुकानदाराने माझी ही नस बरोबर पकडली. आजही त्याच्या पाटीसमोरून जाताना मी असे दात खातो की समोरचा रिक्षावाला वळून बघतो.

लेकीच्या बाकावरची मैत्रीण घरच्यांबरोबर कायमची आखातात गेली. दोघींना जिओकॅशिंगचं वेड. एकीने डबा लपवायचा, अक्षांश-रेखांशाचे आकडे द्यायचे, दुसरीने आईबापांना ओढत नेऊन तो हुडकायचा. निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने पोलादपूरकडच्या एका डोंगरावर शेवटचा डबा ठेवला. आत काय, ते सांगितलं नाही. आणि त्याच डोंगरावर सोमवारी प्लॉट पाडायला जेसीबी चढणार होता. मोबाईलचा नकाशा तिथे उघडेना, म्हणून शनिवारी आम्ही हातात धरायचं जीपीएस यंत्र घ्यायला गेलो.

लेकीने एक कुरूप, बटणांचं यंत्र उचललं. "पप्पा, हेच. पेन्सिल सेलवर चालतं. आणि चढ कुठे, दरी कुठे, सगळ्या रेषा दिसतात."

"पुरात टिकेल का?" मी विचारलं. दुकानदाराने लगेच दुसरं यंत्र पाण्याच्या बादलीत फेकलं. ते बदकासारखं वर आलं! "शेठ, हे बुडणारच नाही."

"पॅक करा," मी म्हणालो.

"पण पप्पा..."

"गप. पूर तू बघितलायस का मी?"

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी यंत्र उघडलं. समुद्राची खोली फुटाफुटाने दाखवत होतं, दीपगृहं दाखवत होतं, आणि आमचा सगळा सह्याद्री? पोह्याच्या पापडासारखा सपाट, पिवळा, कोरा! वर एक बाण. मी बाणामागे सरळ घुसलो. करवंदीच्या जाळीतून बाहेर आलो तेव्हा एका साळिंदराने मला भाऊ समजून वाट दिली.

पुढे कडा. बाण म्हणतोय, दोनशे मीटर, सरळ.

मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. "तिकडनं कुठं? खाली घळ हाय. पाखरू हायस का रे तू?"

वळसा घालता घालता दिवस मावळला. "अहो, आता एक पाऊल पुढे टाकलंत तर मी इथेच बसेन," बायको म्हणाली. परतलो.

सोमवारी सकाळी धावतपळत वर पोचलो, तर जेसीबी आमच्या आधी हजर. लेक आकडे बघत चालत गेली आणि ताज्या लाल मातीच्या ढिगाऱ्यापाशी थांबली. यंत्रावर शून्य मीटर.

तिथून थेट दुकानात. मी एवढा ओरडलो की दासगावच्या खाडीतले बगळे उडाले असणार. "हे होडीवाल्यांचं आहे, हे ठाऊक होतं ना तुला?"

"होतं की. पण शेठ, तुम्ही डोंगराचं विचारलंत कुठे? पुराचं विचारलंत."

हरामखोर खरं बोलत होता. त्याचाच जास्त संताप.

घरी आलो तर लेक मोरीत उभी. यंत्र पाण्याच्या पिंपात.

"तरंगतंय हां पप्पा," ती म्हणाली. "मस्त तरंगतंय."